रात्री चालणारा सौरपंप

सौरपंप बसला त्या दिवशी रामप्रसादच्या घरी पेढे वाटले गेले, आणि पेढा तोंडात असतानाच आपलं केवढं नुकसान झालंय ते रामप्रसादच्या लक्षात आलं.

पंप आणला होता मुलानं. अंगद जालन्याला बियाण्याच्या कंपनीत होता. शेतीची वीज एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की साठीला टेकलेला बाप बॅटरी घेऊन मोसंबीला पाणी द्यायला निघतो, बांधावर साप निघतात, रानडुकरं फिरतात, हे अंगदच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यानं गुपचूप मोबाइलवर सरकारी योजनेचा अर्ज भरला, पाठपुरावा केला, आणि एक दिवस विहिरीजवळ निळ्या काचांचे पॅनेल उभे राहिले. जुनी मोटार विहिरीतून निघाली.

“बाबा, आता रात्रीची कटकट मिटली,” अंगद म्हणाला. “ऊन पडलं की पाणी चालू, ऊन गेलं की बंद. तुम्ही आता संध्याकाळी जेवायचं अन् निवांत झोपायचं.”

“बिलकुल,” रामप्रसाद म्हणाला. त्याचा चेहरा मात्र नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसासारखा झाला होता. द्वारकाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, “रोजच घरी ऱ्हाणार का मंग तुम्ही?” असं विचारलं, तेव्हा तिच्याही आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता. पण अंगद इतका खुशीत होता की दोघांनी एकेक पेढा आणखी घेतला.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय, असं कुणीही विचारील. त्यासाठी मच्छिंद्र कोण ते सांगायला हवं. रामप्रसादच्या बागेला लागून मच्छिंद्रचं रान. दोघांच्या वडिलांचं बांधावरच्या एका बोरीवरून भांडण झालं होतं. पुढे बोर वठली, पडली, चुलीत गेली. वडीलही गेले. भांडण तेवढं दोन्ही घरांनी नीट सांभाळून ठेवलं. दिवसा रामप्रसाद आणि मच्छिंद्र एकमेकांकडे बघत नसत. तीर्थपुरीच्या बाजारात समोरासमोर आलेच तर दोघांपैकी एक जण जवळच्या भाजीवाल्याशी विनाकारण घासाघीस करायला लागे.

रात्रीची गोष्ट वेगळी होती. रात्रीच्या पाळीला दोघांच्या मोटारी एकाच वेळी चालू होत. रानात दुसरं कुणी नसे, आणि पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत पोचेस्तोवर माणसानं करायचं तरी काय? अशाच एका रात्री मच्छिंद्रनं बांधापलीकडून तंबाखूची चंची पुढे केली. ती रामप्रसादनं घेतली. तेव्हापासून कितीतरी वर्षं गेली, आणि एकमेकांशिवाय दोघांना खरा मित्र म्हणून कुणी उरला नाही. उजाडायच्या आत दोघं आपापल्या वाटेनं घरी जात आणि दिवसभर नियमानं वैर पाळत.

त्यात रूपालीचं झालं. रूपाली ही रामप्रसादची धाकटी. तिनं चार वर्षांपूर्वी पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरीचा. फक्त रामप्रसादला कुणी विचारलं नव्हतं. रागाच्या भरात तो गरजला, “या घरात तिचं नाव निघता कामा न्हाई!” घरातल्यांनी त्याचं ऐकलं. एरवी घरात त्याचं कुणी कधीच ऐकत नसे. नेमकं याच बाबतीत सगळ्यांनी ऐकावं, याचं त्याला फार वाईट वाटायचं. राग आठवडाभरातच उतरला होता, पण बोललेला शब्द परत कसा घ्यायचा ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मच्छिंद्रची सून मीना ही रूपालीची शाळेतली मैत्रीण. ती फोनवर रूपालीशी बोलायची, सासऱ्याला सांगायची, आणि सासरा अंधारात रामप्रसादला. “पोरगी झाली रे तिला, आजोबा झाला तू,” ही बातमी रामप्रसादला बांधावर बसून कळली होती. तो मच्छिंद्रच्या खांद्यावर डोकं ठेवून इतका रडला होता की तेवढ्यात पाणी आळी फोडून नाल्याला गेलं. लेकीची खबर त्याच्यापर्यंत पोचायची ती या एकाच वाटेनं, आणि ती वाट अंगदनं मोठ्या कौतुकानं बंद करून टाकली होती.

पहिले काही दिवस रामप्रसाद संध्याकाळी घरात बसला. टीव्ही बघितला. द्वारकाबाईकडे बघितलं. ती स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून माडीवर अशी उगाच फिरत होती आणि दर फेरीला विचारत होती, “झोपणार न्हाई का तुम्ही?” शेवटी मच्छिंद्रची रात्रीची पाळी आली तसा त्याला दम निघेना.

“मी जरा पाण्यावर जाऊन येतो,” तो म्हणाला.

“आता? सोलर रात्री चालतो व्हय?”

रामप्रसाद अडकला. समोर तुळशीपुढे अंगदनंच आणलेला छोटा सौरदिवा जळत होता. “ह्यो बघ ना दिवा,” तो म्हणाला. “दिवसा ऊन साठवतो अन् रात्री जळतो. पंपाचं बी तसंच हाय. उलट दिवसा काच तापून राह्यती, मोटारीवर लोड येतो. रात्रीच बराबर चालतो.”

द्वारकाबाईनं क्षणभर दिव्याकडे बघितलं. “पटतंय की,” ती म्हणाली. “जा मंग जल्दी. चहा भरून देऊ का थर्मासात?”

रामप्रसादला वाटलं, बायको भोळी आहे. हा त्याचा समज लग्नापासूनचा होता.

झालं, पुन्हा सगळं सुरळीत सुरू झालं. दिवसा पंप बागेला पाणी देई आणि मच्छिंद्रची रात्रीची पाळी असली की रामप्रसाद न चालणारा पंप चालवायला जाई. नात आता दोन वर्षांची होत आली होती. ती अजून बोलत नाही म्हणून रामप्रसादला काळजी लागली होती. “बोलंल रे, फक्त तुझ्यावर गेली नसंल म्हंजे झालं,” मच्छिंद्र म्हणायचा.

पण गावात एका माणसाचं सुख फार दिवस झाकून राहत नाही. बचत गटाच्या बैठकीत एका बाईनं विषय काढलाच, “द्वारकाबाई, तुमचे मालक अजून रात्री रानात जाऊन राह्यले. सोलर तर दिवसा चालतो. मंग जातात कुठं?” आणि ‘कुठं’ या शब्दावर चार बायका खाली बघून हसल्या.

द्वारकाबाईला ते सहन झालं नाही. “आमचा सोलर रात्री बी चालतो,” ती ठणकावून म्हणाली. “जोरात चालतो.”

दुसऱ्या दिवशी गावात एकच चर्चा. सौरपंप आणखी दहाबारा जणांनी घेतले होते. ऊन कलंडलं की त्यांची धार बारीक व्हायची. एकाच योजनेतून रामप्रसादला रात्री चालणारा पंप आणि आपल्याला दिवसाचा, हा तर उघड अन्याय होता. सगळे मिळून सरपंच रखमाजीकडे गेले. रखमाजीनं कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, “एक तर सगळ्यांना रात्रीचे पंप द्या, न्हाई तर तुमची गाडी गावात येऊ देणार न्हाई.”

दोन दिवसांनी कंपनीची इंजिनियर अर्पिता आली. चुणचुणीत मुलगी. पंप कसा वापरायचा, पॅनेलवरची धूळ कशी पुसायची, घरात एलईडी दिवे लावले तर बिल कसं कमी येतं, हे सांगायला ती गावात पूर्वीही येऊन गेली होती.

“सरपंच, सूर्य नसताना हा पंप चालूच शकत नाही,” ती पंचायतीच्या ओट्यावर उभी राहून म्हणाली. “याला बॅटरीच नाही.”

“मंग रामप्रसादचा कसा चालतो?”

“काका, तुमचा पंप रात्री चालतो?”

सगळं गाव रामप्रसादकडे बघू लागलं. नाही म्हणावं, तर ‘मग रात्री जातोस कुठं?’ हा प्रश्न दारात उभा. त्या बायका ज्या ‘कुठं’वर हसल्या होत्या, तिथं तर त्याला मुळीच जायचं नव्हतं. खरं सांगावं, तर मच्छिंद्रलाही त्याच्या घरात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

“चालतो,” रामप्रसाद म्हणाला.

“मंग उद्या दिवस मावळला की सगळे रानात येऊ,” रखमाजी म्हणाला. “मॅडम, तुम्ही बी या. डोळ्यांनी बघा.”

त्या रात्री रामप्रसादनं बांधावर डोक्याला हात लावला. “मच्छिंद्र, उद्या माझी अब्रू चालली.”

मच्छिंद्रनं तंबाखू मळत विचार केला. “माझी उद्याही रात्रीचीच पाळी हाय. दिवस मावळायच्या आत लाइट येती. माझ्या मोटारीचं पाणी तुझ्या हौदात सोडू. बांधाखालून पाईप काढला की झालं. अंधारात कोण बघतो?”

“लै उपकार होतील गड्या.”

“उपकार कशाचे? तू यायचा बंद झाला तर म्या इथं कुणाशी बोलू, बेडकाशी?”

दुसऱ्या दिवशी भर उन्हात काम झालं. दिवस असल्यामुळे दोघांना एकमेकांची ओळख दाखवता येत नव्हती. रामप्रसाद आपल्या बाजूनं बांध खणत होता, मच्छिंद्र आपल्या बाजूनं. रस्त्यानं कुणी गेलं की दोघं पाठ करून उभे राहत आणि मोठ्यानं थुंकत, म्हणजे वैर नीट चालू आहे असं दिसावं. शेवटी बांधाच्या पोटात कुदळीला कुदळ लागली. मच्छिंद्रनं पलीकडून पाईपचं तोंड आत सरकवलं आणि हळूच रामप्रसादचा हात दाबला. दिवसाउजेडी त्यानं असं पहिल्यांदाच केलं होतं.

संध्याकाळी गाव जमलं. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, अर्पिता पॅनेलजवळ. मच्छिंद्रची बायको चतुराबाईसुद्धा शत्रूची फजिती बघायला मिळेल या आशेनं आली होती. अंधार पडला. रामप्रसादनं पंपाच्या पेटीवरचं बटण दाबलं आणि ठरल्याप्रमाणे तीनदा खोकला. बांधापलीकडे कुठंतरी खटका वाजला, आणि हौदात पाण्याची जाडजूड धार कोसळू लागली.

गावानं टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं पॅनेलला हात जोडले. द्वारकाबाई तर धारेकडे डोळे फाडून बघत राहिली. गावात सगळ्यात जास्त आश्चर्य तिलाच वाटलेलं दिसत होतं. अर्पितानं पॅनेलच्या खाली वाकून पाहिलं, वायर चाचपली, आकाशात बघितलं. “मी ऑफिसात काय सांगू?” ती पुटपुटली.

“सांगा, मराठवाड्याचं ऊन हाय म्हणून,” रखमाजी म्हणाला.

एवढ्यात दूरवर गावाचे दिवे एकदम गेले. सबस्टेशनच बंद पडलं असावं. इकडे हौदातली धार बारीक झाली, थेंबाथेंबानं टपकली आणि थांबली.

अर्पितानं काळोखात बुडालेल्या गावाकडे बघितलं, मग हौदाकडे. “काका,” ती म्हणाली, “गावची लाइट गेली की तुमचा सूर्य पण जातो का?”

रामप्रसादनं तोंड उघडलं, पण आवाज आला तो बांधापलीकडून. मच्छिंद्रला तिथून काही दिसत नव्हतं, फक्त इकडची शांतता ऐकू येत होती. “रामप्रसाद, घाबरू नको!” तो मनापासून ओरडला. “डीपीचा फ्यूज असंल, म्या बघून येतो! तवर तू त्या येड्यांना गप्पांत गुतवून ठेव!”

“अहो!” चतुराबाई किंचाळली. “तुम्ही कुणासंग बोलून राह्यले?”

पुढचा तपशील सांगण्यासारखा नाही. बॅटऱ्यांच्या उजेडात बांधाखालचा पाईप सापडला. पाईपच्या टोकाशी मच्छिंद्र सापडला, आणि त्याच्या शेजारी गोणपाट, थर्मास आणि दोन कप सापडले. दोन कपांचा अर्थ सांगायला इंजिनियर लागत नाही. लोक चिडतील असं रामप्रसादला वाटलं होतं. पण गाव हसत सुटलं. रखमाजी तर हौदाच्या कठड्यावर बसून डोळे पुसत होता. बापाच्या वैरासाठी दिवसा थुंकणारे दोन म्हातारे रात्री एका गोणपाटावर बसतात, याची मजा गावाला पंपाहून जास्त वाटली.

मग गावानं ठरवलं, आता समेट झालाच पाहिजे. मारुतीच्या देवळापुढे दोघांना एकमेकांच्या गळ्यात पडायला लावलं, नारळ फोडला, चतुराबाईनं द्वारकाबाईला कुंकू लावलं. रखमाजीनं आणखी एक डोकं चालवलं. “पाईप टाकलाच हाय, तर आता उलटा चालवा. मच्छिंद्रला त्याचा सोलर मिळंस्तोवर दिवसा रामप्रसादच्या पंपाचं पाणी जाऊ द्या. कुणीच रात्री जायचं काम न्हाई.” सगळ्यांनी माना डोलावल्या. अंगदनं फोनवरून शाबासकी दिली. रामप्रसादनंही मान डोलावली, कारण सगळ्या गावाच्या भल्याला नाही कसं म्हणणार?

आणि आता गंमत बघा. मच्छिंद्र उजळ माथ्यानं, धुतलेले कपडे घालून, पुढच्या दारानं रामप्रसादकडे येऊ लागला. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जायच्या. द्वारकाबाई चहा करायची. शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे. आणि ते दोघे जिवाभावाचे मित्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसायचे.

“ऊन लै हाय,” मच्छिंद्र म्हणायचा.

“हाय,” रामप्रसाद म्हणायचा.

“सोलरला बरं.”

“बरं.”

चहा संपायचा. उजेडात मच्छिंद्रचे पुढचे दोन दात पडलेत हे रामप्रसादला दिसत होतं. ते कधी पडले ते त्याला माहीत नव्हतं. अंधारात ज्याला त्यानं सगळं सांगितलं होतं, त्याच्याशी इथं काय बोलावं ते सुचत नव्हतं. पोटात एकच प्रश्न होता, पोर बोलायला लागली का? तो विचारता येत नव्हता, कारण आत द्वारकाबाई होती आणि घराचा नियम त्याचा स्वतःचा होता. पूर्वी वैर होतं तेव्हा किती बरं होतं, असं त्याला वाटे आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

एका दुपारी मच्छिंद्र आला तो उकळतच होता. बातमी त्याच्या घशाशी आली होती. बसता बसता तो म्हणाला, “पुण्याकडं काय हालहवाल असंल?”

चौकटीशी द्वारकाबाईच्या बांगड्या वाजल्या. रामप्रसाद ताठ झाला. “आपल्याला पुण्याशी काय करायचं?” तो मोठ्यानं म्हणाला.

मच्छिंद्रनं कप खाली आपटला.

“काय करायचं? अरे, अंधारात माझा सदरा भिजवतो, अन् उजेडात म्हणतो काय करायचं? हे असलं तोंड घेऊन बसण्यापेक्षा आपलं भांडण बरं व्हतं! तुझी नात बोलायला लागली रे माणसा! म्या परक्यानं कळ सोसायची अन् तू इथं नियम पाळ!”

रामप्रसादला उठून त्याच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं, पण उशीर झाला होता. द्वारकाबाई बाहेर आली होती. तिनं पदरानं हात पुसले.

“बोलती कुठं,” ती शांतपणे म्हणाली, “भांडती. काल रात्री तुम्ही देवळात गेले, तेवढ्यात मला फोनवर म्हणती, आज्जी, गप.”

मच्छिंद्रनं आपटलेला कप उचलून नीट ठेवला.

“तुला... तू बोलती तिच्याशी?” रामप्रसादनं विचारलं.

“पयल्या महिन्यापासून. मीनानंच दिला नंबर.”

“कधी बोलती?”

“तुम्ही पाण्यावर गेले की,” द्वारकाबाई म्हणाली. “सोलर आला अन् माझं बोलणं बंद झालं. माडीवर जाऊन दोन शब्द बोलावं तर तुम्ही खालून हाका मारता. मंग तुम्ही म्हणले, रात्रीच बराबर चालतो. म्हणलं, देव पावला.”

“म्हणजे तुला म्हाईत व्हतं, पंप रात्री चालत न्हाई?”

“त्या मॅडमनं गटात तीनदा सांगितलं व्हतं. म्या पुढंच बसल्ते.”

मच्छिंद्र हळूच उठला आणि चपला हातात घेऊन निघून गेला. रामप्रसाद खुर्चीत तसाच बसून होता. चार वर्षं. तो बांधावर रडत होता तेव्हा ही माडीवर हसत होती, आणि दोघं सकाळी एकमेकांसमोर बसून मुकाट्यानं भाकरी खात होते. नियम त्यानं एकदाच बोलून दाखवला होता. त्याची भीती वाटून तिनं लपवलं, आणि ती पाळते म्हणून त्यानं. कुणी एकानं एकदा नुसतं ‘रूपाली’ म्हटलं असतं तर पुरलं असतं, आणि तो एक कोण, हे त्याला चांगलं कळत होतं.

“लाव आता फोन,” तो म्हणाला.

“आता ती कामावर असती. जेवणं झाल्यावर उचलती.”

त्या दिवशी सूर्य काही केल्या मावळेना. शेतात पंप जोरात पाणी ओढत होता आणि मालक दाढी करून, ठेवणीतला सदरा घालून ओसरीवर बसला होता. अखेर अंधार पडला. द्वारकाबाईनं फोन तुळशीच्या कट्ट्याला टेकवून ठेवला. रामप्रसाद तिच्या शेजारी बसला, पण जरा बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही इतका. आधी काय बोलायचं ते तो दुपारपासून ठरवत होता. एकही वाक्य धड जमलं नव्हतं.

पडद्यावर रूपालीचा चेहरा आला. किती मोठी दिसत होती ती. मागून एका लहान मुलीचा आवाज येत होता. रूपालीनं आईकडे बघितलं आणि नेहमीच्या सवयीनं, आवाज खाली आणून, पहिला प्रश्न विचारला.

“आई, बाबा गेले का रानात?”

द्वारकाबाईनं शेजारी बघितलं.

“न्हाई गं बाई,” रामप्रसाद म्हणाला. “आता दिवसाच जातो.”